दूध संकलनाच्या सर्व्हरवर नजर: जून ते सप्टेंबर २०२५च्या कामाच्या नोंदी

सांगली जिल्ह्यातल्या ६३ दूध संकलन केंद्रांवर आमचं सॉफ्टवेअर चालतं. काटा वजन देतो, मशीन फॅट-एसएनएफ (स्निग्धांश आणि दुधातले बाकीचे घन घटक) देतं, केंद्रावरचा कॉम्प्युटर ते सर्व्हरला पाठवतो आणि सर्व्हर दर लावून पावती परत देतो. उत्पादक साधारण ११,४००. सर्व्हर एकच, त्यावर जँगो (पायथनमधलं ॲप), गुनिकॉर्न (ते चालवणारा) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस), बहुतेक सगळं डॉकरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रोग्राम आपापल्या बंद डब्यात, कंटेनरमध्ये. ऑफिसात माणसं दोन: मी आणि एक ज्युनिअर. सर्व्हर आडवा झाला की आजवर आम्हाला एकाच मार्गानं कळायचं, केंद्रांच्या सचिवांच्या फोननं. तो मार्ग बदलायचा म्हणून हा खटाटोप. आमच्यासारखंच छोटं दुकान चालवणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून चुकांसकट लिहून ठेवतोय.

२ जून

सकाळी ६:२०ला फोन. "ओ साहेब, काटा वजन दाखवतोय, मशीन फॅट दाखवतंय, पर पावती निघंना. रांग पार देवळापतोर गेलीया."

लॉगिन करून बघितलं, ८० जीबीची डिस्क १०० टक्के भरलेली. एका कंटेनरची लॉग फाइल एकटीच ३१ जीबी. डॉकर मुळात लॉग एका जेसन फाइलमध्ये लिहीत जातो, मर्यादा आपण घालून दिली नाही तर ती फाइल फुगतच राहते. आम्ही दोन वर्षांत कधी मर्यादा घातली नव्हती.

घाईत ती फाइल मी सरळ उडवली. डीएफ कमांड (डिस्क किती भरली ते सांगणारी) तरी १००च दाखवतेय, डीयू (फाइलींची बेरीज करणारी) म्हणतेय जागा आहे. वीस मिनिटं मी या दोघांचं भांडण बघत बसलो. फाइलचं नाव गेलं होतं, पण डॉकरनं ती उघडी धरून ठेवली होती, त्यामुळे जागा सुटली नव्हती. कंटेनर रीस्टार्ट केला तेव्हा सुटली. उडवण्याऐवजी फाइल जागेवरच रिकामी केली असती तर ही वीस मिनिटं वाचली असती.

एकूण २ तास १० मिनिटं बंद. नेट गेलं तर केंद्रावर कच्ची पावती निघते, पण इथे नेट चालू होतं आणि सर्व्हर एरर देत होता, म्हणून केंद्रावरचा प्रोग्राम नुसता वाट बघत बसला. हाही आमचाच दोष. दोन केंद्रांनी वही काढून हातानं लिहिलं, बाकीच्यांनी आम्हाला शिव्या दिल्या.

लॉगला मर्यादा घातली: १० एमबीच्या पाच फाइली, बास.

५ जून

प्रोमेथियस (आकडे गोळा करणारा), ग्राफाना (आलेख दाखवणारा), अलर्टमॅनेजर (इशारे पाठवणारा) आणि नोड एक्स्पोर्टर (मशीनचे आकडे देणारा) बसवले. बसवायला अर्धा दिवसही लागला नाही, पण पहिल्यांदा मी ते सगळं त्याच सर्व्हरवर बसवलं. ज्युनिअरनं सहज विचारलं, "सर, हाच बंद पडला तर सांगणार कोण?" दुपारी सगळं उपटून वेगळ्या छोट्या मशीनवर नेलं. २ जीबी मेमरी, महिना ६५० रुपये.

दर १५ सेकंदांनी आकडे गोळा होतात. आपण काही सांगितलं नाही तर प्रोमेथियस १५ दिवसांचाच डेटा ठेवतो. आमच्याकडे बिलं दर दहा दिवसांनी, त्यामुळे निदान पाच-सहा बिलांचे दिवस शेजारी ठेवून बघता यावेत म्हणून मुदत ६० दिवस केली. जागेचा हिशेब असा: ४,००० सिरीज (म्हणजे नोंदवले जाणारे वेगवेगळे आकडे), दिवसाला प्रत्येकी ५,७६० नोंदी, एका नोंदीला एक ते दोन बाइट. म्हणजे ६० दिवसांना फार तर पावणेतीन जीबी.

७ जून

आजची संध्याकाळ पाण्यात. पण जे सापडलं ते भयंकर होतं.

नवीन पोर्ट (सर्व्हरमध्ये यायची दारं) बाहेरून दिसू नयेत म्हणून यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या साधनानं फायरवॉल आवळला. ४४३ (साइटचा) आणि एसएसएच (दुरून लॉगिनचा) सोडून सगळं बंद. मग खात्री म्हणून मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावरून पोस्टग्रेस एक्स्पोर्टरचा (डेटाबेसचे आकडे देणाऱ्याचा) ९१८७ पोर्ट उघडून बघितला. पानभर आकडे समोर! नियम परत लिहिले, मशीन रीबूट केलं, तरी तेच.

डॉकर पोर्ट बाहेर काढताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम घालतो आणि यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत गोष्ट पोचतच नाही. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि डॉकर मागच्या दारानं पाहुणे आत घेतोय. आता सगळे आकड्यांचे पोर्ट फक्त वायरगार्डच्या (दोन मशीनमधल्या खासगी बोगद्याच्या) पत्त्यावर बांधलेत आणि प्रोमेथियस त्या बोगद्यातूनच येतो. वायरगार्ड लावायला पाऊण तास, डॉकर असं करतो हे शोधायला चार.

(या दिवशी मी आणखी एक घोळ घालून ठेवला होता. तो २२ जुलैच्या नोंदीत येईल.)

१२ जून

मशीनचे आकडे मिळाले, आता ॲपचे हवेत म्हणून कोडमध्ये दोन मापं घातली: पावत्यांची मोजणी आणि पावतीला लागलेला वेळ. प्रत्येक मापाला लेबलं लावली: केंद्र, दुधाचा प्रकार, सकाळ-संध्याकाळ. आणि उत्साहाच्या भरात उत्पादकाचा कोडसुद्धा. म्हटलं, एखाद्या शेतकऱ्याची तक्रार आली तर थेट त्याचाच आलेख काढू.

सकाळ निभावली. संध्याकाळी ६:५०ला प्रोमेथियस मेमरी संपून मेला. उठवला, परत मेला.

कागदावर गुणाकार केला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. वेळेच्या हिस्टोग्रामला (किती पावत्या किती सेकंदांत, याच्या मोजणीला) एका लेबल-जोडीमागे किमान १७ सिरीज लागतात: १४ बकेट (वेळेचे टप्पे), एक अनंताचं, एक बेरीज, एक मोजणी. ११,४०० उत्पादक गुणिले १७ म्हणजे १,९३,८००. संध्याकाळचं लेबल आलं आणि तो आकडा दुप्पट झाला. म्हणून सकाळी वाचला, संध्याकाळी गेला.

उत्पादकाचा कोड लेबलातून काढून लॉगमध्ये टाकला. एका माणसाचं काय झालं हे लॉगमध्ये शोधायचं, केंद्राचं काय चाललंय ते आलेखात बघायचं.

१४ जून

पावत्यांचा आकडा खालीवर. पानावर कधी ८१२, रिफ्रेश केलं की ७९०, पुन्हा ८४५. मोजणी मागे येईलच कशी? रेट (मोजणी वाढायचा वेग) काढला तर सेकंदाला शेकडो पावत्या, एवढं दूध अख्ख्या तालुक्यात नाही.

गुनिकॉर्नचे चार वर्कर (एकाच ॲपच्या चार चालू प्रती) आहेत आणि चौघांची आपापली वेगळी मोजणी. प्रोमेथियस येतो तेव्हा दार उघडेल तो स्वतःचाच आकडा देतो. आकडा कमी दिसला की रेट समजतो मोजणी शून्यापासून परत सुरू झाली, आणि भलतंच वाढवून सांगतो. पायथनच्या लायब्ररीत अनेक प्रोसेससाठी वेगळी सोय आहे. एक फोल्डर सांगायचं, सगळे वर्कर त्यात लिहितात आणि एकत्र बेरीज बाहेर येते. ॲप सुरू होताना ते फोल्डर रिकामं करायला विसरू नका. मी विसरलो होतो.

१८ जून

अलर्ट चालू केले. इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या नियमांची मोठी यादी उचलून जशीच्या तशी घातली. पहिल्या २४ तासांत टेलिग्रामवर ४७ संदेश. सीपीयू ८० टक्क्यांच्या वर गेला, हे रोज सकाळी साडेसहाला येणार. संकलनाच्या वेळी सीपीयू पळणार नाही तर कधी पळणार? तिसऱ्या दिवशी ज्युनिअरनं तो ग्रुप म्यूट केला. मी रागावलो नाही, कारण मी आदल्या रात्रीच केला होता.

यादीतले २९ नियम उडवले, सहा ठेवले.

एसएमएसनं अलर्ट पाठवायचा विचार होता. पण आपल्याकडे कंपनीला एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या एसएमएस नोंदणीच्या पोर्टलवर) मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. शेतकऱ्यांच्या पावतीचा साचा मंजूर आहे, पण "डिस्क भरत आली"साठी परत ती वारी कोण करणार? टेलिग्रामवरच राहिलो. त्या एका ग्रुपला वेगळी रिंगटोन लावली, मोबाइलच्या 'व्यत्यय नको'मधून त्याला सूट दिली आणि टेलिग्रामला बॅटरी बचतीतून बाहेर काढलं. हे शेवटचं केलं नाही तर पहाटेचा संदेश काही फोनांवर चहा पिताना येतो.

१ जुलै

सगळे आलेख हिरवे आणि केंद्रांवर रांगा. या महिन्यातला सगळ्यात महाग दिवस.

आज २१ ते ३० जूनचं बिल काढायचं होतं. सकाळी ७:०५ला मी बिलाची स्क्रिप्ट सोडली. ७:१२ला पहिला फोन. मी ग्राफाना उघडून छातीठोकपणे सांगितलं, "सर्व्हर एकदम व्यवस्थित आहे, तुमचं नेट बघा." सीपीयू १५ टक्के, मेमरी मोकळी, ब्राउझरमध्ये तपासणीचं पान 'ओके' म्हणतंय. दुसरा फोन, तिसरा, सातवा. साडेसातला मी बिनशर्त शरण.

पोस्टग्रेस मुळात १०० कनेक्शन देतो, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव, म्हणजे उरतात ९७. ॲप रोजची ३६ धरून असतं. माझी नवी स्क्रिप्ट वेळ वाचवायला प्रत्येक केंद्रासाठी वेगळा थ्रेड (समांतर चालणारं काम) काढत होती आणि प्रत्येक थ्रेड स्वतःचं कनेक्शन उघडून बंद न करता बसत होता. ६३ आणि ३६, झाले ९९. ॲपनं कधी एखादं कनेक्शन सोडून नवं मागितलं की उत्तर ठरलेलं: जागा नाही.

आता आमची नजर आंधळी का झाली, ते बघा.

सीपीयू कमी होता, कारण कुणाचं कामच होत नव्हतं. मी त्याला तब्येत समजलो.

तपासणीचं पान डेटाबेसला हातच लावत नव्हतं. नुसतं 'ओके' छापून मोकळं. तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं.

कनेक्शन ८०च्या वर गेली तर अलर्ट, असा नियम होता. पण आकडा दोन वाचनांच्या मध्येच ३६वरून थेट भरला, आणि मग एक्स्पोर्टरलाही कनेक्शन मिळेना. आकडाच नाही म्हटल्यावर ८०पेक्षा जास्त कोण ठरवणार? प्रोमेथियसमध्ये माहिती नसली की नियम खोटा ठरत नाही की खरा ठरत नाही, तो नुसता गप्प बसतो. आणि मला ते गप्प बसणं हिरवं दिसलं.

दुरुस्त्या त्याच दिवशी: स्क्रिप्टला चार कनेक्शनचा पूल, म्हणजे चारच कनेक्शन आळीपाळीनं वापरायची. तपासणीचं पान आता डेटाबेसमधून एक ओळ वाचून मगच 'ओके' म्हणतं. पोस्टग्रेस एक्स्पोर्टर स्वतः डेटाबेसपर्यंत पोचला की नाही हे सांगणारा एक आकडा देतो, तो शून्य झाला किंवा नाहीसाच झाला तरी अलर्ट. आणि बिल संकलनाच्या वेळेत काढायचं नाही. एवढं तर कुणालाही सुचायला हवं होतं.

ज्यांना मी "तुमचं नेट बघा" म्हणालो त्या सात सचिवांना संध्याकाळी फोन करून माफी मागितली. एक म्हणाले, "आवो, ते तर तुम्ही दरवेळी म्हणताय."

४ जुलै

आता मुख्य आलेख एकच: दर पाच मिनिटांना किती पावत्या निघाल्या, केंद्रावार. सीपीयू-मेमरीचे डबे पानाच्या तळाशी हलवले. नियम असा: संकलनाच्या वेळेत एखाद्या केंद्रावर ३० मिनिटं एकही पावती नाही, तर कळव.

वेळेची अट मी नियमातच घातली, तास ६ किंवा त्याहून जास्त आणि ९पेक्षा कमी. सकाळी काहीच आलं नाही आणि साडेअकराच्या ठोक्याला त्रेसष्टच्या त्रेसष्ट केंद्रांचा अलर्ट. प्रोमेथियसचं घड्याळ ग्रीनिचचं. त्याचे सहा म्हणजे आपले साडेअकरा. वरून आपला फरक साडेपाच तासांचा, त्यामुळे नुसता तास बदलून भागत नाही, मिनिटंही धरावी लागतात. ती गणितं सोडून दिली. अलर्टमॅनेजरमध्ये वेळेची खिडकी ठरवता येते आणि तिला एशिया-कोलकाता हे ठिकाण देता येतं. सकाळी ६ ते ८:३०, संध्याकाळी ६ ते ८:३०. विषय संपला.

९ जुलै

शिराळा भागात पाऊस, रोज वीज जातेय. ३० मिनिटांच्या नियमामुळे एक फीडर गेला की १४ केंद्रांचे १४ संदेश. अलर्टचे गट आता तालुक्यावर बांधलेत. एकच संदेश येतो, आत केंद्रांची यादी. तो बघून वीज गेली की आमचं काही गेलं, हे नजरेनंच कळतं.

दुसरी गंमत. वीज परत आली की साठलेल्या कच्च्या पावत्या एकदम येतात आणि सचिव म्हणतात फार हळू चालतंय. माझा आलेख सांगत होता, शंभरात नव्व्याण्णव पावत्या १० सेकंदांच्या आत. रोज बरोबर १०. ना ९.८, ना १०.३. इतका सरळ आकडा दिसला की संशय घ्यावा. हिस्टोग्रामचं शेवटचं बकेट मुळात १० सेकंदांचंच असतं, त्याच्या वरचं सगळं 'अनंत'मध्ये जातं आणि उत्तर १०वर अडकतं. बकेट १२० सेकंदांपर्यंत वाढवली तेव्हा खरा आकडा दिसला: ४० सेकंदांच्या आसपास. सचिव खरं बोलत होते, माझी पट्टीच आखूड होती.

कारण साधं होतं. सगळी केंद्रं अपयश आलं की बरोबर ५ सेकंदांनी, एका सुरात परत मागत होती. त्या थांबण्यात थोडी सरमिसळ केली, कुणी ३ सेकंद, कुणी २०. आता गर्दीच्या वेळीही ६-७ सेकंदांत पावती येते.

२२ जुलै

ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर बसवला, जो बाहेरच्या माणसासारखा येऊन साइट उघडून बघतो. लावल्यावर दहा मिनिटांत अलर्ट: साइटचं सुरक्षा सर्टिफिकेट संपायला १२ दिवस.

शक्यच नाही म्हटलं, लेट्स एन्क्रिप्टचं (फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं) आहे, आपोआप बदलतं. ९० दिवसांचं सर्टिफिकेट, ३० दिवस उरले की सर्टबॉट हा प्रोग्राम नवीन आणतो. लॉग उघडला तर ४ जुलैपासून प्रत्येक प्रयत्न नापास. का? ७ जूनला मी ४४३ आणि एसएसएच सोडून सगळं बंद केलं होतं ना, त्यात ८० पोर्टही गेला. आमच्याकडे सर्टबॉटची पडताळणी ८० वरूनच होते. एनजिनएक्स (साइट बाहेर दाखवणारा वेब सर्व्हर) डॉकरच्या बाहेर थेट मशीनवर असल्यामुळे त्याला मात्र फायरवॉल इमानेइतबारे लागू झाला. जे बंद व्हायला हवं होतं ते उघडं आणि जे उघडं हवं ते बंद, अशी त्या दिवशीची कमाई.

पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून मेल यायचा. त्यांनी ती सेवा ४ जून २०२५ला बंद केली, त्यामुळे त्या भरवशावरही राहू नका. ८० उघडला, एका मिनिटात नवीन सर्टिफिकेट. सचिवांच्या आधी आम्हाला कळलेली ही पहिली गोष्ट. ज्युनिअरनं वडापाव आणले.

११ ऑगस्ट

दोन दिवस एकही अलर्ट नाही. आम्ही खुशीत. आज ग्राफाना उघडायला गेलो तर उघडेना. नजर ठेवणारं मशीनच ९ तारखेपासून बंद. ६५० रुपयांचं बिल भरायचं राहिलं होतं, कार्डची मुदत संपलेली.

राखणदारावर राखणदार हवा. त्याची रीत अशी: कायम वाजत राहणारा एक खोटा अलर्ट ठेवायचा आणि तो यायचा बंद झाला की बोंब मारायची. माझ्या घरी फ्रिजवर जुना रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) पडून होता. त्याला वायरगार्डवर घेतलं, एक रिले (कॉम्प्युटरनं दाबायचा स्विच) आणि दारावरची जुनी बेल जोडली, बेलसाठी ९० रुपयांचा ट्रान्सफॉर्मर. अलर्टमॅनेजरनं दर मिनिटाला पायला हाक मारायची, ४ मिनिटं हाक आली नाही तर बेल.

रात्री १:४०ला बेल वाजली. बंद केली, चार-पाच मिनिटांनी परत. आई उठून आली, म्हणाली, "दूधवाला इतक्या रात्री कसा आला रे?"

मी पुन्हा पाठवायची मुदत एक मिनिट केली होती, पण गटाची मुदत तशीच राहिली होती, ती मुळात पाच मिनिटांची. अलर्टमॅनेजर गटाच्या मुदतीआधी परत बोलत नाही. म्हणजे हाक दर पाच मिनिटांनी आणि माझी सहनशक्ती चारची. गटाची मुदत एक मिनिट केली, बेलची दहा. तेव्हापासून ती गप्प आहे. आता गप्प आहे म्हणजे बरी आहे ना, हे बघायला दर रविवारी मी प्रोमेथियस मुद्दाम बंद करतो आणि बेल वाजेपर्यंत चहा ठेवतो.

२ सप्टेंबर

आजवरचा खर्च: मशीनचे तीन महिन्यांचे १,९५०, बेलचं सामान ३४० (ट्रान्सफॉर्मर धरून), वडापाव ८०. वेळ माझा सुमारे ७० तास, त्यातले निम्मे तरी वर लिहिलेल्या चुकांत.

आज सकाळी ७:०१ला अलर्ट आला: एका केंद्रावर ३० मिनिटं पावती नाही. आजूबाजूची केंद्रं चालू, म्हणजे वीज गेलेली नाही. त्यांचा कॉम्प्युटर सर्व्हरशी बोलतोय, म्हणजे नेटही गेलेलं नाही. मोठ्या ऐटीत मी स्वतःहून सचिवांना फोन लावला. तीन वेळा वाजला, चौथ्यांदा उचलला.

"अण्णा, साडेसहापासून तुमच्याकडं पावती निघालेली नाही. काटा अडकलाय का?"

पलीकडे थोडी शांतता. मग हळू आवाजात, "गावात मयत झालीया ओ. दूध नऊनंतर घालतील मंडळी."

मी अलर्ट शांत केला. दुपारी ज्युनिअरनं केंद्रावरच्या स्क्रीनवर एक बटण घालून दिलं, 'आज संकलन उशिरा'. संध्याकाळी त्यांना सांगितलं, असं काही असलं की हे दाबत जा.

"दाबलं असतं," ते म्हणाले, "पर मीबी तिकडंच हुतो न्हवं."